बिनखुंटीची भिंत

अँटि-ए निळं, अँटि-बी पिवळं, अँटि-डी पाण्यासारखं. तीस वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवलं, पण ते दिवस आठवले की आधी डोळ्यांपुढे येतात त्या या तीन चिमुकल्या बाटल्या. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब, प्रत्येकावर एकेका बाटलीतला एक थेंब, काडीने ढवळायचं आणि टाइल हळूहळू डुलवायची. थोड्याच वेळात कुठल्या तरी थेंबात रवा दिसायला लागतो, दूध फाटावं तसा. निळ्यात फाटलं तर ए, पिवळ्यात फाटलं तर बी, दोन्हींत फाटलं तर एबी, दोन्हींत गुळगुळीत राहिलं तर ओ. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते बिनरंगी थेंब सांगतो. बोटाला सुई टोचताना दरवर्षी एखादा धिप्पाड मुलगा चक्कर येऊन पडायचा. मुली क्वचित.

*

सुरुवातीची काही वर्षं मी गृहपाठ द्यायचे : आईवडिलांचे, भावंडांचे गट विचारून तक्ता करून आणा. एका वर्षी एका मुलीने आपला तक्ता फळ्यावर काढला. वडील एबी, आई बी, ती स्वतः ओ. एरवी तोंड न उघडणाऱ्या शेवटच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "मॅडम, एबीला ओ कसं होईल?" त्याचं बरोबर होतं. एबी माणसापाशी मुलाला द्यायला ए असतं नाहीतर बी, तिसरं काही नसतंच. मी काहीतरी पुटपुटले, तेवढ्यात घंटा झाली.

मुलगी आठ दिवस आली नाही. नवव्या दिवशी तिची आई आली. स्टाफरूमच्या दाराशीच उभी राहिली, आत यायला तयार नाही. "पुन्हा तपासून घेतलं मॅडम. ह्यांचं बी निघालं. जुन्या कार्डावर चुकीचं होतं." एवढं बोलून तिने हातातली चिठ्ठी पुढे केली. मी ती न वाचताच परत दिली.

तेव्हापासून माझ्या वर्गातली सगळी कुटुंबं काल्पनिक. श्री. व सौ. पाटील आणि त्यांची चार मुलं.

*

पाटलांच्या घरात मी श्री. ना ए दिलं होतं, सौ. ना बी, आणि दोघांच्याही पोटात एकेक लपलेला ओ. मग चार मुलांत ए, बी, एबी, ओ असे चारही गट निघू शकतात. मुलांना वाटायचं, चार मुलं म्हणजे प्रत्येकाला एकेक, पंगतीत लाडू वाढावेत तसे. तसं नसतं. प्रत्येक मुलाच्या वेळी सोंगट्या नव्याने पडतात. चौघांचे चार वेगळे गट येण्याची शक्यता २५६ पैकी २४, म्हणजे पाटलांसारख्या शंभर घरांपैकी नऊ-दहा घरांत. उरलेल्या घरांत कुणीतरी पुन्हा येतंच.

मला जास्त आवडायचं ते दुसरं घर. आई एबी, वडील ओ. मुलं एकतर ए, नाहीतर बी. म्हणजे कुठल्याच मुलाचा गट आईशीही जुळत नाही, वडिलांशीही नाही. "कुणावर गेलाय हा?" या प्रश्नाला याहून सरळ उत्तर नाही.

*

कार्डावरच्या चुकांबद्दल. तक्त्यात न बसणारं कुटुंब समोर आलं की लोकांच्या मनात भलतंच येतं. अशा वेळी संशय आधी चिठ्ठीवर घ्यावा, माणसावर नंतर. माझ्या स्वतःच्या ओळखपत्रावर अकरा वर्षं ए होतं. मी बी आहे. कुणीतरी वरच्या ओळीतलं खाली उतरवलं, दुसरं काही नाही.

रक्तपेढीत म्हणूनच दोन्ही बाजूंनी पाहतात. आधी पेशी ओळखीच्या औषधात घालून, मग त्याच माणसाचं रक्तद्रव ओळखीच्या ए आणि बी पेशींवर टाकून. ज्याच्या पेशींवर ए नाही त्याच्या रक्तद्रवात ए-विरोधी प्रतिपिंडं असतात. जन्मात कधी दुसऱ्याचं रक्त घेतलेलं नसलं तरी असतात. दोन्ही उत्तरं जुळली तरच गट लिहायचा. पण तान्ह्या बाळाने स्वतःची अशी प्रतिपिंडं अजून बनवलेली नसतात, त्याला काही महिने लागतात. त्यामुळे जन्माच्या वेळी केलेली तपासणी एकाच पायावर उभी असते. मोठेपणी पुन्हा करून घ्यावी.

*

लग्न जमवण्याच्या बायोडाट्यात रक्तगट आता गोत्राच्या शेजारी बसतो. बरेच जण छातीठोकपणे सांगतात, "नाडी म्हणजेच रक्तगट. एकनाड म्हणजे एकच गट, म्हणून नको." हिशेब करून पाहावा. नाड्या तीन : आद्य, मध्य, अंत्य. गट चार. नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून, सत्तावीस नक्षत्रांची नऊ-नऊ अशी वाटणी. म्हणजे बाळ चोवीस तास उशिरा आलं तर नाडी बदलू शकते. रक्तगट नऊ महिने आधीच ठरलेला असतो. आणि नवराबायको दोघंही ओ असले तर काय होतं? मुलं ओ होतात. बास.

ज्याकडे खरंच लक्ष द्यायचं ते प्लस-मायनसकडे, तेही आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तेव्हा. त्यालाही इंजेक्शन आहे. अँटि-डी, बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत. लग्न मोडायचं कारण नाही. हे मी भाचीच्या सासरी दोनदा सांगितलं. पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ऐकलं.

*

"बी पॉझिटिव्ह" आपण एका दमात म्हणतो, पण ती दोन वेगळी वारसापत्रं आहेत. ए-बी-ओचं जनुक नवव्या गुणसूत्रावर, आरएचचं, म्हणजे प्लस-मायनसचं, पहिल्यावर. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

आरएचचा हिशेब वर्गाला चकवतो. आपल्याकडे शंभरात पाचेक माणसं निगेटिव्ह. मुलांना वाटतं, म्हणजे निगेटिव्ह जनुकही दुर्मीळ. पण निगेटिव्ह दिसायला तशी दोन जनुकं लागतात, एक आईचं, एक वडिलांचं. पाच टक्क्यांचं वर्गमूळ काढा, बावीस टक्के येतात. तिथून पुढे गेलं की कळतं, साधारण तिघांतला एक माणूस बाहेरून पॉझिटिव्ह आणि आतून एक निगेटिव्ह बाळगून असतो. पॉझिटिव्ह आईवडिलांना निगेटिव्ह मूल झालं तर घाबरायचं काही नाही. दोन निगेटिव्हना पॉझिटिव्ह झालं तर पुन्हा तपासायचं. आधी चिठ्ठी.

*

कार्ल लँडस्टायनर, व्हिएन्ना, १९००-०१. स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं रक्त एकमेकांत मिसळून पाहिलं. गट तीन निघाले : ए, बी आणि सी. हो, आजच्या ओला तो सी म्हणत असे. एबी १९०२ मध्ये त्याच्या सहकाऱ्यांना सापडला. नोबेल मिळायला १९३० उजाडलं.

गट आईवडिलांकडून येतो हे नीट दाखवलं फॉन डुंगर्न आणि लुडविक हिर्झफेल्ड यांनी, १९१० मध्ये हायडेलबर्गला. ७२ कुटुंबांचं रक्त तपासून. मात्र त्यांचा नियम थोडा चुकला. त्यांना वाटलं ए साठी एक जोडी, बी साठी दुसरी, स्वतंत्र जोडी. त्या नियमाने एबी आईला ओ मूल होऊ शकतं. माझ्या त्या विद्यार्थिनीला १९१५ साली कुणी अडवलं नसतं!

चूक दुरुस्त केली फेलिक्स बर्नस्टाइन या ग्योटिंगेनच्या गणितज्ञाने, १९२४-२५ मध्ये. त्याने कुणाच्या बोटाला सुई टोचली नाही. देशोदेशींचे आकडे घेऊन बसला आणि पाहिलं, की दोन स्वतंत्र जोड्या मानल्या तर एबी माणसं जेवढी असायला हवीत तेवढी कुठंच नाहीत. जागा एकच, आणि त्या जागेवर बसायला तीन उमेदवार : ए, बी, ओ. प्रत्येक माणसाला त्यातले दोनच मिळतात. आज बारावीची मुलं दोन मिनिटांत काढतात तो रक्तगटांचा चौकोन त्या कागदावरच्या हिशेबातून आला.

*

बर्नस्टाइनच्या हातातल्या आकड्यांत आपली माणसंही होती. पहिल्या महायुद्धात हिर्झफेल्ड आणि त्याची डॉक्टर बायको हाना सालोनिका इथे होते, आजचं ग्रीसमधलं थेसालोनिकी. नाना देशांचं सैन्य तिथे अडकून पडलेलं. दोघांनी सोळा लोकसमूहांतल्या सैनिकांचं आणि निर्वासितांचं रक्त तपासून १९१९ मध्ये छापलं. ब्रिटिशांच्या फौजेतले हिंदी शिपाई त्यात होते आणि त्या सगळ्यांत बीचं प्रमाण त्यांच्यात सर्वांत जास्त निघालं. हिर्झफेल्डना तर वाटलं, बी भारतातच उगम पावला असावा. तो तर्क टिकला नाही. पण खेड्यातून उठून परमुलखात गेलेल्या त्या शिपायाला, बोट पुढे करताना, ही गोरी बाई काय करते आहे हे कुणी सांगितलं असेल का, असं मला उगीच वाटत राहतं.

*

ए, बी, ओ मध्ये फरक कशाचा, ते सांगायला मी वर्गात खुंटी वापरायचे.

लाल पेशीच्या अंगावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला एका ठिकाणी खुंटी ठोकलेली असते, तिचं नाव एच. ए जनुकाचा कारागीर त्या खुंटीवर टोपी अडकवतो. बी जनुकाचा कारागीर पिशवी अडकवतो. दोघं असतील तर काही खुंट्यांवर टोप्या, काहींवर पिशव्या. आणि ओ? ओ जनुकाचा कारागीर कामावरच येत नाही. खुंट्या रिकाम्या.

म्हणजे ओ हा काही वेगळा पदार्थ नव्हे. जर्मनीत त्याला आजही शून्य म्हणतात, ते जास्त बरोबर.

कारागीर का येत नाही ते १९९० मध्ये सिअ‍ॅटलमध्ये यामामोतो आणि सहकाऱ्यांनी उलगडलं. ए आणि बीच्या कारागिरांत फरक जेमतेम चार अमिनो आम्लांचा, तेवढ्यावर एक टोपी उचलतो नि दुसरा पिशवी. बहुतेक ओ मध्ये मात्र २६१ व्या ठिकाणचं एकच अक्षर गळालेलं आहे. एक अक्षर गळाल्याने एवढं काय होतं? पेशी जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचते. "कमळ मगर बदक सरळ" असं वाक्य घ्या आणि मगरीचा म काढून टाका. वाचणारा तिनाचा ठेका सोडत नाही, म्हणून तो वाचतो : "कमळ गरब दकस रळ". कमळापर्यंत ठीक, पुढे बोंबच.

*

१९५२. परळचं केईएम रुग्णालय, माझ्या कॉलेजपासून चालत दहा मिनिटं. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर काही माणसांचं रक्त आलं. त्यातला एक रेल्वेच्या अपघातातला, एक सुरा भोसकलेला, अशी हकिकत सांगतात. टाइलवर पाहावं तर सरळ ओ : निळ्यात गुळगुळीत, पिवळ्यात गुळगुळीत. पण ओचं रक्त द्यायला घेतलं तर जुळणीतच गुठळ्या. ए नको, बी नको, एबी नको, आणि ज्याला अगदी आपलं म्हणावं ते ओही नको.

खुंटीच नव्हती. रिकामी नव्हे, नव्हतीच. भिंत कोरी. ज्या शरीराने जन्मात खुंटी पाहिली नाही त्याला रिकामी खुंटीही परकी वाटते. त्याच्या रक्तद्रवात ए-विरोधी, बी-विरोधी आणि एच-विरोधी अशी तिन्ही प्रतिपिंडं. आणि ओ पेशींवर तर खुंट्याच खुंट्या. म्हणजे सगळ्यांना चालणारं म्हणून ज्याची ख्याती, तेच ओ रक्त या माणसाचा जीव घेऊ शकतं.

त्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापून आला. भेंडे, देशपांडे, भाटिया ही मुंबईची नावं, आणि लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधले रेस, सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स. गटाला पुढे नाव पडलं बॉम्बे. शहराचं नाव बदललं, रुग्णालयं बदलली, रक्तगट मात्र बॉम्बेच राहिला. बदलू नये असं माझं मत. ज्याच्या खिशातल्या कार्डावर तो शब्द आहे त्याला तो जगात कुठेही, अर्ध्या शुद्धीतही, सांगता आला पाहिजे.

*

बॉम्बे गटाने वारशाच्या तक्त्याला जी पाचर मारली ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

खुंटी ठोकणारं एच जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. टोपी-पिशवीचं जनुक नवव्यावर. दोघांची गाठभेट नाही. त्यामुळे एखाद्या बाईकडे बीचं जनुक ठणठणीत असू शकतं, पिशव्या तयार असतात, अडकवायला खुंटी तेवढी नसते. टाइलवर ती ओ. नवरा साधा, खराखुरा ओ. तक्ता सांगतो, ओ आणि ओ यांना ओच होणार. पण बाळाला बापाकडून चांगलं एच मिळतं, खुंट्या उभ्या राहतात, आणि आईकडची लपलेली पिशवी त्यांवर लटकते. दोन ओंच्या पोटी बी.

हे नुसतं वहीतलं गणित नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांच्या गटाने असंच एक कुटुंब नोंदवलं. आईच्या पेशींवर बीचा मागमूस नाही, आणि मुलीला बी दिलेलं.

मी पूर्वी शिकवताना म्हणायचे, रक्तगट "हो" कधी म्हणत नाही, पण त्याचं "नाही" पक्कं असतं. नंतर "पक्कं" हा शब्द सोडून दिला.

*

चार्ली चॅप्लिन. जोन बॅरी या तरुणीने १९४३ मध्ये दावा लावला की मुलगी त्याची. रक्त तपासलं. आई ए, मुलगी बी, चॅप्लिन ओ. मुलीला बी कुठून तरी आलं पाहिजे. आईकडे नाही, चॅप्लिनकडे नाही. तीन डॉक्टरांनी सांगितलं, हा बाप असूच शकत नाही. १९४५ मध्ये ज्यूरीने त्यालाच बाप ठरवलं आणि पोटगी लावली. कॅलिफोर्नियात तेव्हा तपासणीचा निकाल न्यायालयावर बंधनकारक नव्हता.

आता एक खोडसाळ शंका. ओ दिसणारा माणूस बॉम्बे असेल आणि आत बी लपलेलं असेल तर? तो गटच जगाला १९५२ मध्ये कळला, म्हणजे त्या डॉक्टरांना हे सुचणं शक्यच नव्हतं. अर्थात युरोपीय वंशाच्या लोकांत तो दहा लाखांत एखादा. चॅप्लिन निर्दोषच म्हणायचा. पण हाच खटला मुंबईत चालला असता तर मी विरुद्ध बाजूच्या वकिलाला एक चिठ्ठी पाठवली असती.

*

आपल्याकडचा कायदा फार जुन्या वळणाचा आहे आणि मला तो आवडतो. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११२, नव्या कायद्यात ११६. हे गृहीतक मोडायचं तर गर्भ राहिला त्या काळात नवराबायकोची गाठ पडूच शकत नव्हती हे दाखवावं लागतं. १९९३ मध्ये गौतम कुंडू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की कुणी मागितली म्हणून रक्ताची तपासणी सरसकट करायला लावता येणार नाही. पोटगी चुकवायला निघालेला नवरा होता तो. मला तेव्हा दारातली ती आई आठवली.

*

"रक्ताचं नातं" म्हणतो आपण. गंमत अशी की पिकलेल्या लाल पेशीत केंद्रकच नसतं, म्हणजे जनुकंही नाहीत. ज्या पेशीवर गट लिहिलेला असतो तिच्याकडे तो पुढे देण्याची सोय नाही. गट ठरवते ती हाडांच्या आतली मज्जा.

म्हणून मज्जा बदलली की गट बदलतो. ओ रुग्णाला बी दात्याची मज्जा बसवली तर काही महिन्यांनी तो टाइलवर बी दिसतो. पुढे त्याला मूल झालंच तर ते मात्र त्याच्या जुन्या गटाचा वारस. कागदावर बी, देताना ओ.

*

'अमर अकबर अँथनी', १९७७. तीन खाटांवर तीन मुलगे, आणि तिघांचं रक्त एकाच वेळी आईला. थिएटरात माझ्या शेजारच्या काकू हमसून रडत होत्या आणि मी मनात चौकोन आखत होते. तिन्ही भावांचा गट आईला चालेल असा असणं शक्य आहे, अगदीच अशक्य नव्हे. पण तो जुळला म्हणून ते तिचे मुलगे ठरत नाहीत. भारतात बी आणि ओ मिळूनच दोनतृतीयांशाच्या आसपास लोक. पहिल्या रांगेतून कुणालाही उचललं असतं तरी जुळण्याची आशा बरी होती. नळीतून रक्त वरच्या दिशेने कसं चढलं, हा प्रश्न मी भौतिकशास्त्राच्या सरांकडे सोपवला.

*

मुंबईत बॉम्बे गट साधारण दहा हजारांत एक. वर्गमूळ शंभर. म्हणजे एच नसलेलं एक जनुक बाळगणारी माणसं पन्नासात एक! माझ्या साठ मुलांच्या वर्गात दरवर्षी एखादं बसलेलं असणार. त्याचा स्वतःचा गट अगदी सरळ, काही जाणवायचं नाही. तसाच दुसरा जोडीदार मिळाला तरच चार मुलांत एकाची शक्यता.

हा दुसरा जोडीदार कुठे मिळतो? बाहेर शोधायला गेलं तर पन्नासात एक. पण आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत होती, काही घरांत अजून आहे. आजीकडून आलेलं तेच एक जनुक मामाकडेही जातं आणि आईकडेही. गणित केलं तर अशा लग्नात बॉम्बे मूल होण्याची शक्यता साधारण चौदाशेंत एक, सात पट. तरी चौदाशेंत एक म्हणजे फारच थोडी, हेही त्याच दमात सांगायला हवं. नाहीतर लोक नाडीसारखं याचंही काहीतरी करून ठेवतील.

*

बोर्डाच्या तपासणीला बसले होते तेव्हाची गोष्ट. प्रश्न : आईवडील दोघांचा रक्तगट ओ असल्यास अपत्यांचे संभाव्य रक्तगट लिहा. उत्तर ठरलेलं, "फक्त ओ", गुण एक. एका पेपरात पोराने "फक्त ओ" लिहिलं होतं आणि खाली कंसात बारीक अक्षरात : "बहुतेक. केईएममध्ये विचारावे." मी अर्धा गुण जास्त दिला. मॉडरेटरने तो कापला.